‘मी मेलो’ असे आपण का म्हणतो?

गेल्या दिवाळीतली गोष्ट. तिन्हीसांजेची वेळ, देवापुढे दिवा लागलेला, आणि बाहेरच्या खोलीतून माझा तेरा वर्षांचा भाचा एकदम ओरडला, "मेलो! मी मेलो!" आई हातातली वातींची डबी तशीच घेऊन बाहेर आली. "दिवेलागणीला मेलो-मेलो काय करतोस, मेल्या?" ती म्हणाली, आणि आपल्याच तोंडून काय निघाले हे लक्षात येऊन हसू लागली. भाच्याच्या हातात फोन होता. पडद्यावर निळ्या जॅकेटातला एक सैनिक गवतात आडवा पडला होता.

जेवणानंतर आजी-नातू लुडो खेळायला बसले. आईची एक सोंगटी घरापासून दोन पावलांवर आली असताना भाच्याने ती मारली. आई कळवळून म्हणाली, "अरे, माझी सोंगटी मारलीस रे!" एकाच घरात, दोन-तीन तासांच्या अंतराने, हरण्याची ही दोन वाक्ये माझ्या कानी पडली. लुडोमध्ये ‘माझी’ सोंगटी मेली होती. फोनवरच्या खेळात ‘मी’ मेलो होतो. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे, तर षष्ठी जाऊन प्रथमा आली होती. (सापशिडीत आपण ‘मला साप चावला’ म्हणतो, याची मला जाणीव आहे, त्याकडे पुढे येते.)

त्यानंतर दोनेक महिन्यांनी भाच्याचे ते खाते एकाएकी बंद झाले. कारण कळले नाही, दाद कुठे मागावी तेही कळले नाही. तीन वर्षे घडवलेली ती आकृती, तिचे कपडे, तिच्या नावावरचे विजय, सारे एका रात्रीत नाहीसे झाले. तो त्या रात्री जेवला नाही, असे बहिणीने फोनवर सांगितले. मी त्याला समजावले, "अरे, खेळच तर होता." त्यावर तो म्हणाला, "मावशी, तुला नाही कळणार," आणि त्याने फोन ठेवला.

मी भौतिकशास्त्राची संशोधक आहे. ज्या गोष्टीविषयी मोजमापे उपलब्ध आहेत, त्या गोष्टीला ‘खेळच तर होता’ म्हणून उडवून लावणे मला शोभणारे नव्हते. हा लेख म्हणजे त्या एका वाक्याची दुरुस्ती आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: आभासी जगातील आपल्या प्रतिरूपाशी, म्हणजे ज्याला आता सर्वत्र ‘अवतार’ म्हणतात त्याच्याशी, जडणारे नाते हा पोरकटपणा नाही. आपल्या खऱ्या देहाला आपण ज्या प्रक्रियेने ‘माझा’ म्हणतो, तीच प्रक्रिया तिथेही काम करत असते. आणि तसे असेल, तर त्या प्रतिरूपावर सत्ता कोणाची, हा प्रश्न केवळ करमणुकीचा उरत नाही.

हा प्रश्न आज विचारायला कारण आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाईन खेळांविषयीचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर त्याने बंदी घातली आणि ई-क्रीडेला मान्यता दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाविषयीच्या २०२३ च्या कायद्याचे नियम अधिसूचित झाले. दोन्ही वेळा देशभर चर्चा झाली ती पैशांची, व्यसनाची आणि संमतीच्या अर्जांची. खेळणाऱ्याचा ‘मी’ कुठे संपतो, हा विषय त्या चर्चेत मला फारसा आढळला नाही.

आता थोडे विज्ञान. माझ्या पीएच.डी.च्या काळात मी वैश्विक किरणांचे मापन करत असे. म्युऑन नावाचा कण आकाशातून येतो आणि आपल्या आरपार निघून जातो. तो दिसत नाही. त्याच्यासाठी ठेवलेला डिटेक्टर तर भिंतीतल्या किरणोत्सारामुळे किंवा स्वतःच्याच विद्युत्-गोंगाटामुळेही वाजत राहतो. मग खरा म्युऑन ओळखायचा कसा? एकावर एक असे दोन डिटेक्टर ठेवायचे. दोन्ही काही अब्जांश सेकंदांच्या आत वाजले, तर एकच कण दोहोंतून गेला असे मानायचे. या समकालिकतेच्या तत्त्वावर चालणारे इलेक्ट्रॉनिक मंडल ब्रुनो रॉसी यांनी १९३० मध्ये मांडले, आणि आजही प्रयोगशाळांत तोच विचार चालतो. लक्षात घ्या, कण कोणीच पाहत नाही. दोन घटना एकाच क्षणी घडल्या, एवढ्यावरून आपण ‘एक’ काहीतरी असल्याचे अनुमान काढतो.

आपला मेंदू स्वतःच्या देहाबाबत जवळजवळ हेच करतो. १९९८ मध्ये मॅथ्यू बॉटविनिक आणि जोनाथन कोहेन यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागी व्यक्तीचा डावा हात पडद्याआड लपवायचा आणि तिच्यासमोर रबरी हात ठेवायचा. मग दोन लहान कुंचल्यांनी खऱ्या आणि रबरी हातावर एकाच वेळी, एकाच जागी कुरवाळायचे. थोड्या वेळात अनेकांना स्पर्श रबरी हातावरच होतो आहे, आणि तो हात आपलाच आहे, असे वाटू लागते. डोळे मिटून ‘तुमचा डावा हात कुठे आहे’ असे विचारले, तर त्यांचे उत्तर रबरी हाताच्या दिशेने सरकलेले असते. कुंचल्यांचा मेळ मोडला की भास क्षीण होतो. २००९ मधील एका जपानी अभ्यासात असे दिसले, की दिसणे आणि स्पर्श यांत साधारण ३०० मिलिसेकंदांहून कमी अंतर असेल तर भास चांगला टिकतो. अंतर त्याहून वाढले की तो ओसरतो. म्युऑनसाठी आमची खिडकी अब्जांश सेकंदांची असते, ‘मी’साठी मेंदूची खिडकी सेकंदाच्या तृतीयांशाची आहे. तत्त्व मात्र एकच.

हा केवळ बोलण्यातला भास नव्हे. चेन्नईत वैद्यकाचे शिक्षण घेतलेले मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकारी कॅरी आर्मेल यांनी २००३ मध्ये असा भास झालेल्या व्यक्तींसमोर खोट्या हाताचे बोट मागे वाकवले. इजा कोणालाच होत नव्हती, तरीही पाहणाऱ्याच्या त्वचेची विद्युत्-वाहकता वाढली. आपल्याला इजा होणार या भीतीने तळहाताला घाम सुटावा तशी. पुढे आभासी वास्तवाचे चष्मे आले आणि हाताच्या जागी संपूर्ण देह आला. बार्सिलोनातील मेल स्लेटर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रौढ माणसांना चार वर्षांच्या मुलाचा आभासी देह दिला. समोरच्या वस्तू त्यांना प्रत्यक्षाहून मोठ्या भासल्या. विशेष म्हणजे, तेवढ्याच उंचीचा पण आटवलेल्या प्रौढासारखा देह दिला तेव्हा हा फरक कमी पडला. नुसती उंची बदलून भागले नाही. आपण कोण आहोत याचे उत्तर बदलल्यावर जगाचे मापही अधिक बदलले.

भाच्याच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, नुसता फोन होता. तिथे कुंचल्याची जागा अंगठा घेतो. अंगठा सरकला की सैनिक वळतो, क्षणार्धात, दर वेळी, दिवसातून हजारो वेळा. मराठीत यासाठी फार नेमका शब्द आहे: ते ‘अंगवळणी पडते’. आणि हे वळण किती नाजूक असते, हे मुलांच्या एका तक्रारीतून कळते: "लॅग येतोय." आभासी वास्तवाच्या चष्म्यात मान वळवल्यापासून दृश्य बदलेपर्यंत सुमारे २० मिलिसेकंदांहून अधिक वेळ जाऊ नये, असा अभियंत्यांचा संकेत आहे. काचतंतूतून प्रकाश एका मिलिसेकंदात जवळपास २०० किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर हे सरळ रेषेतले अंतर ३,९०० किलोमीटरांच्या आसपास आहे, म्हणजे तिथल्या संगणकाकडे जाऊन परत यायला प्रकाशालाच ४० मिलिसेकंद हवेत. म्हणून अशा खेळांत हालचालीचा पहिला प्रतिसाद हातातल्या यंत्रातच तयार करतात आणि दूरच्या संगणकाशी ताळमेळ मागाहून बसवतात. तो ताळमेळ चुकला की मुले वैतागतात. हात बधिर झाल्यावर आपण वैतागतो, त्यातलाच हा प्रकार.

इथवर सगळे सोपे वाटते: समकालिकता असेल तर ‘मी’, नसेल तर नाही. पण या उपपत्तीला एक मोठा अपवाद आहे, आणि तो आपण सर्वांनी मिळून अनुभवला आहे.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चंद्रावर उतरले. ‘प्रज्ञान’ ही २६ किलोग्रॅम वजनाची बग्गी चंद्राच्या मातीवर सुमारे १०० मीटर चालली. पृथ्वीवरून आज्ञा जाऊन उत्तर यायला अडीच सेकंदांहून अधिक वेळ लागतो. मेंदूच्या खिडकीच्या आठपट तरी. शिवाय आज्ञा देणारे आपण नव्हतोच. तरीही इस्रोचे संदेश यान स्वतः बोलत असल्यासारखे प्रथमपुरुषात आले, ते कोणाला खटकले नाहीत. सप्टेंबरात प्रज्ञानला निद्रावस्थेत ठेवले, पुढची चांद्रसकाळ उजाडली आणि ते उठले नाही, तेव्हा आमच्या विभागातील मोठमोठी माणसे हळहळली. मंगळावर तर संदेश एकेरी पोहोचायलाच ३ ते २२ मिनिटे लागतात. तरी समाजशास्त्रज्ञ जॅनेट व्हर्टेसी यांनी मंगळावरील बग्ग्या चालवणाऱ्या शास्त्रज्ञांमध्ये राहून केलेल्या अभ्यासात नोंदवले आहे, की बग्गी काय करणार हे सांगताना ती मंडळी स्वतःचेच हात, मान, खांदे तिच्यासारखे हलवून दाखवत.

म्हणजे धागे दोन आहेत. पहिला वेळेचा: माझी हालचाल आणि त्याची हालचाल एकाच क्षणी. दुसरा गोष्टीचा: त्याची वाट ती माझी वाट, त्याचे संकट ते माझे संकट. आता सापशिडीकडे या. तिथेही सोंगटी लाकडाचीच असते, पण आपण ‘मला साप चावला’ म्हणतो. मला वाटते, याचे कारण असे, की लुडोमध्ये प्रत्येकाला चार सोंगट्या असतात आणि सापशिडीत एकच. चौघींचा मालक होता येते. एकीचे मात्र आपण स्वतःच होऊन जातो. गोष्टीचा धागा जुळायला देह, चष्मा, चित्र यांपैकी काहीच लागत नाही, याचा पुरावा १९९३ मध्येच मिळाला होता. ‘लॅम्डामू’ नावाच्या, निव्वळ मजकुरातून चालणाऱ्या एका आभासी जगात एका खेळाडूने इतरांच्या पात्रांवर लैंगिक अत्याचाराची वर्णने लादली. ज्युलियन डिबेल या पत्रकाराने त्यावर लिहिलेला लेख आजही वाचला जातो. पडद्यावर फक्त शब्द होते, पण त्या पात्रांमागच्या माणसांना झालेला मनस्ताप खरा होता.

आजच्या खेळांत हे दोन्ही धागे एकत्र वळले जातात. अंगठ्यामुळे वेळेचा, तीन वर्षांच्या जय-पराजयांमुळे गोष्टीचा. त्या पिळाला मी ‘खेळच तर होता’ म्हणाले.

आता स्वतःविषयी एक कबुली. २०२१ मध्ये एक परिषद आभासी सभागृहात भरली होती. प्रत्येकाला एक छोटी, चौकोनी ठिपक्यांची आकृती निवडायची होती. मी दोन मिनिटांत निवडली आणि तीन दिवस त्या सभागृहात वावरले. दोघे बोलत असतील तर मी त्यांच्या मधून न जाता वळसा घालून जात असे. कोणाची आकृती माझ्यावर येऊन उभी राहिली, तर खुर्चीत मागे सरत असे. (‘सेकंड लाईफ’ या आभासी जगात निक यी, जेरेमी बेलेन्सन आणि सहकाऱ्यांनी हेच मोजून दाखवले होते: माणसामाणसांत राखायच्या अंतराचे आपले संकेत तिथेही पुष्कळ अंशी टिकतात.) तिसऱ्या दिवशी माझ्या एका विद्यार्थिनीने सहज विचारले, "मॅडम, तुमची आकृती इतकी गोरी का?"

मी सावळी आहे. यादीत सावळा रंग होता. मी तो पाहिला होता आणि ओलांडून पुढे गेले होते, कोणताही विचार न करता. ज्या देशात एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द निघायला २०२० साल उजाडावे लागले, त्या देशात मी वाढले आहे. लग्नाच्या जाहिरातींतला ‘गव्हाळ’ हा शब्द मी पुरेपूर ओळखते. तरी मला वाटत होते, की आपण त्यापलीकडे गेलो आहोत. त्या तीन दिवसांत मी एरवीपेक्षा अधिक प्रश्न विचारले, अनोळखी माणसांशी आपणहून बोलले. ते पडद्याआड असण्यामुळे होते की त्या रंगामुळे, हे मी सांगू शकत नाही. एका व्यक्तीचा तीन दिवसांचा अनुभव म्हणजे प्रयोग नव्हे.

प्रयोग झालेले आहेत. यी आणि बेलेन्सन यांनी २००७ मध्ये दाखवले, की ज्यांना अधिक देखणे प्रतिरूप मिळाले, ते आभासी खोलीत इतरांच्या अधिक जवळ जाऊन उभे राहिले आणि स्वतःविषयी अधिक बोलले. ज्यांना उंच प्रतिरूप मिळाले, त्यांनी पैशांच्या वाटणीत अधिक ताठर भूमिका घेतली. रूपे बदलणाऱ्या ग्रीक देवतेवरून त्यांनी याला ‘प्रोटिअस परिणाम’ असे नाव दिले. आपण प्रतिरूप घडवतो आणि मग ते आपल्याला घडवू लागते.

विज्ञानाच्या वाचकांपुढे दुसरी बाजूही मांडायला हवी. प्रोटिअस परिणामावरील अनेक अभ्यास एकत्र तोलले, तर तो खरा दिसतो, पण लहान ते मध्यम आकाराचा. रबरी हाताच्या प्रयोगातही सहभागी व्यक्ती अपेक्षेप्रमाणे उत्तरे देत असतील, किंवा सूचनेने प्रभावित होणाऱ्यांनाच हा भास अधिक होत असेल, असा आक्षेप २०२० मध्ये पीटर लश आणि सहकाऱ्यांनी आकडेवारीनिशी घेतला आहे. गौरवर्णीयांना कृष्णवर्णीय देह दिल्यास त्यांचे सुप्त पूर्वग्रह घटतात, असे २०१३ मधील एका अभ्यासात दिसले होते. नंतरच्या प्रयोगांचे निष्कर्ष मात्र एकमुखी नाहीत. म्हणून ‘चष्मा घाला आणि सहृदय व्हा’ असे सांगणाऱ्या जाहिरातींवर मी विश्वास ठेवणार नाही. परंतु हे सर्व आक्षेप नात्याच्या ताकदीविषयी आणि त्याच्या कारणांविषयी आहेत. नाते मुळातच नाही, असे त्यांतून निघत नाही.

आपल्याकडे परकायाप्रवेशाची कथा आहे. शंकराचार्य अमरुक राजाच्या मृत देहात शिरतात, तेव्हा आपला देह शिष्यांच्या राखणीत ठेवतात. त्या कथेत दोन चिंता आहेत. एक, राजाच्या देहात रमून ते स्वतःला विसरतील का? दुसरी, मागे ठेवलेल्या देहाचे कोणी काही करील का? मुलांच्या खेळांविषयी आपण पालक मंडळी पहिलीच चिंता अहोरात्र वाहतो. दुसरीचा विचार कोणी करत नाही, आणि मला आज तीच अधिक गंभीर वाटते.

कारण प्रतिरूपाचे नाते दुहेरी असते. ते आपल्याला चिकटते, तसे आपणही त्याला चिकटून आत जातो. अमेरिकेतील बर्कली येथील संशोधकांनी २०२३ मध्ये आभासी वास्तवातील एका तालबद्ध खेळाच्या ५५,००० हून अधिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. नाव नाही, चेहरा नाही, आवाज नाही; फक्त डोके आणि दोन हात यांच्या हालचाली. १०० सेकंदांच्या हालचालींवरून संगणकाने ९४ टक्क्यांहून अधिक वेळा नेमकी व्यक्ती ओळखली. आपण गोरा रंग घ्या, सैनिकाचा वेश घ्या, राक्षसाचे मुंडके लावा. हात उचलण्याची आपली ढब आपल्याला उघडे पाडते. जे अंगवळणी पडले आहे, तेच आपले ओळखपत्र ठरते.

आता आपल्या कायद्याकडे पाहा. २०२३ च्या कायद्यात मुलांसाठी चांगल्या तरतुदी आहेत: १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला किंवा त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. परंतु ‘संवेदनशील माहिती’ असा स्वतंत्र वर्ग या कायद्यात नाही. २०११ च्या जुन्या नियमांत तो होता आणि शरीरावरून ओळख पटवणारी माहिती त्यात मोडत असे. आपली माहिती पुसून टाका, असे सांगण्याचा अधिकार नव्या कायद्याने दिला आहे. ती एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे नेण्याचा अधिकार मात्र दिलेला नाही. माझ्या भाच्याच्या बाबतीत हा विनोदच ठरतो: आपली आकृती नष्ट करा असे सांगण्याचा हक्क आहे, ती जपून ठेवा असे सांगण्याचा नाही.

यावर ‘खाते कंपनीचे, नियम कंपनीचे, आवडत नसेल तर खेळू नका’ असे उत्तर मिळते. हे उत्तर मला अगदीच निराधार वाटत नाही. फसवणूक करणाऱ्या खेळाडूंना हाकलण्याचा अधिकार चालकांकडे असायलाच हवा. तो नसेल तर लॅम्डामूची पुनरावृत्ती रोज होईल. पण घरमालकालाही भाडेकरूला नोटीस द्यावी लागते. म्हणून माझ्या मागण्या माफक आहेत. पहिली, देहाच्या हालचालींची नोंद ही बोटांच्या ठशांइतकीच जपून ठेवण्याची गोष्ट मानावी. दुसरी, वर्षानुवर्षे घडवलेले प्रतिरूप काढून टाकण्यापूर्वी कारण सांगावे, मुदत द्यावी, आणि माणसाकडे दाद मागण्याची सोय ठेवावी. तिसरी मागणी आम्हा संशोधकांकडेच आहे. मानसशास्त्रातील बहुसंख्य प्रयोग पाश्चात्त्य विद्यार्थ्यांवर झाले आहेत, ही तक्रार जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्येच नोंदवली. आभासी वास्तवाची केंद्रे आता आपल्याकडेही आहेत. आयआयटी मद्रासचे एक्सटीआयसी हे त्यांपैकी एक. रंग, उंची, पेहराव, आडनाव यांचे ओझे घेऊन वाढणारी आपली मुले कोणते प्रतिरूप निवडतात आणि मग कशी वागतात, हे आपण मोजले नाही, तर दुसरे कोण मोजणार?

विद्यार्थ्यांसाठी शेवटी एक सूचना. रबरी हाताचा प्रयोग घरी करता येतो. कापूस भरलेला एक रबरी हातमोजा, एक पुठ्ठा आणि दोन सारखे कुंचले पुरेत. खरा हात पुठ्ठ्याआड ठेवा, मोजा त्याच्या शेजारी, त्याच दिशेने, आणि मित्राला तीन-चार मिनिटे दोन्ही हातांच्या त्याच बोटावर एकाच वेळी कुंचला फिरवायला सांगा. नंतर ताल मुद्दाम चुकवा. प्रयोगाआधी ‘काय होईल’ हे मित्राला सांगू नका, नाहीतर लश यांचा आक्षेप तुमच्यावरच येईल! दहा जणांवर करा, नोंदी ठेवा, भास न झालेल्यांच्या नोंदी विशेष जपून ठेवा.

मागच्या आठवड्यात मी भाच्याला फोन केला आणि म्हणाले, "त्या दिवशी मी चुकीचे बोलले." तो थोडा संकोचला. मग म्हणाला, "मावशी, मी नवीन बनवलाय. पण तो अजून मी नाहीये. अजून नुसता माझा आहे." किती दिवस लागतील, असे मी विचारले. त्याने गांभीर्याने विचार केला आणि म्हणाला, "सवय झाल्यावर सांगतो."

तुमचा अनुभव काय आहे? पहिल्यांदा प्रतिरूप निवडताना तुम्ही कोणता रंग निवडला होता, आणि का? प्रामाणिकपणे आठवून लिहा. मी माझे उत्तर वर दिलेच आहे.